गाडी गेली की पूल का हलतो?

दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की माझ्याकडे पुलांची पत्रं वाढतात. रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रॉल्या, ट्रक यांची गर्दी होते, पुलावर कोंडी होते आणि एरवी मिनिटभरात पूल ओलांडणारी माणसं मधोमध अडकून राहतात. गाडी थांबली की पूल हलतोय हे कळतं. या वेळचे प्रश्न त्याचेच आहेत. माझी सगळी नोकरी गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा या नद्यांवरचे पूल तपासण्यात गेली. त्यामुळे या विषयावर हात आखडता घेता येत नाही. संपादकांनी जागा वाढवून दिली, त्यांचे आभार.

प्रश्न : मॅडम, मी शिक्षिका आहे. रोज एसटीने गोदावरी ओलांडून शाळेला जाते. मागच्या आठवड्यात कोंडीमुळे आमची बस पुलावर बराच वेळ थांबली होती. समोरून उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक जाऊ लागले तशी बस खालीवर डोलायला लागली. मागच्या सीटवरच्या आजी ओरडल्या, "अगं बाई, पूल हलायलाय की!" काही बायका खाली उतरून चालत पलीकडे गेल्या. पूल कमकुवत झाला आहे का? रोज जायचं, मनात धाकधूक राहते. — एक शिक्षिका, गंगाखेड

उत्तर : ताई, नुसता हलला एवढ्यावरून पूल कमकुवत ठरत नाही. आजींनाही हे जरूर सांगा. तुम्हाला जाणवलं ते खरंच होतं, पण त्यात पुलाइतकाच बसचाही वाटा होता. उभी बस लहान धक्क्याला कमानपाट्यांवर (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) हलत नाही, कारण पाटे एकमेकांवर घासून जखडलेले असतात. ती आपल्या टायरांवर डोलते आणि तिचं हे डोलणं सेकंदाला तीन-चार वेळा असतं. बहुतेक मध्यम लांबीच्या पुलांची चालही (पूल सेकंदाला जितके हेलकावे घेतो तो आकडा) साधारण तेवढीच असते. त्यामुळे खालून आलेला बारीक कंप बस वाढवून तुमच्या सीटपर्यंत पोहोचवते.

आता पुलाकडे बघू. समजा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग, तीस मीटरचा आहे, काँक्रीटचे गर्डर (लांब तुळया) आणि वर स्लॅब. चाळीस टनांचा ट्रक गाळ्याच्या मध्यावर आला की गर्डर तीन-चार मिलिमीटर लवतात. वाहनांच्या भाराखाली गाळ्याच्या लांबीच्या आठशेव्या भागापर्यंतचं लवणं आपल्याकडे चालतं, म्हणजे या गाळ्याला सदतीस मिलिमीटर. ट्रक पुढे गेला की गर्डर परत वर येतात, थोडे जास्त वर जातात, पुन्हा खाली येतात. हाच तो कंप. स्वित्झर्लंडमध्ये दोनशेहून अधिक रस्तापुलांवर अशी मोजणी झाली आहे. गाळा जितका लांब तितका त्याचा कंप संथ, हे त्यातून स्पष्ट दिसतं. ढोबळ हिशेब करायचा तर शंभरला गाळ्याच्या मीटरमधल्या लांबीने भागायचं. तीस मीटरला सेकंदाला तीन-साडेतीन हेलकावे येतात, प्रत्यक्षात चारच्या आसपास मिळतात.

हेलकावा केवढा असतो? बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. मग तो एवढा का जाणवतो, याचं उत्तर आपल्या शरीरात आहे. सेकंदाला चार वेळा अर्धा मिलिमीटर खालीवर झालं तर त्यातलं त्वरण होतं दर सेकंदाला दर सेकंद ०.३ मीटर. स्वस्थ बसलेल्या माणसाला ०.०१५ इतकं त्वरणसुद्धा जेमतेम कळतं. तुम्हाला मिळालं ते त्याच्या वीसपट. सदतीस मिलिमीटर जिथे चालतात तिथे पुलाच्या दृष्टीने अर्धा मिलिमीटर काहीच नाही. आपले कान, पाय आणि पोट मात्र त्याला मोठी घटना समजतात.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. पूल हलवणारा धक्का बहुतेक वेळा पुलाच्या तोंडाशी तयार होतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पुलाला जोडणारा भराव उंच असतो, तो दरवर्षी थोडा थोडा बसतो. पूल मात्र पायावर उभा असतो, तो बसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत भराव आणि स्लॅब यांच्यामध्ये पायरी तयार होते. कधी ती बोटभर असते, कधी चांगली हातात मावणार नाही अशी. ट्रकची चाकं त्या पायरीवर आपटतात. ट्रकचा सगळा डोलारा आपल्या पाट्यांवर सेकंदाला दोन ते चार वेळा उसळत पुलावर शिरतो आणि चाकांचे आस वेगळे, सेकंदाला दहा-बारा वेळा थडथडतात. ट्रकची उसळी आणि गाळ्याची चाल जुळली की पूल जास्त हलतो. पायरी नसेल, डांबर सपाट असेल, तर तोच ट्रक त्याच वेगाने गेला तरी तुम्हाला फारसं कळणार नाही.

तपासणीला गेले की मी पुलावर चढण्याआधी तोंडाशी थांबायचे. तीन मीटरची सरळ पट्टी रस्त्यावर आडवी ठेवायची, पट्टी आणि डांबर यांच्यामधली फट फूटपट्टीने मोजायची. मग पहिल्या सांध्याजवळ उभं राहून ऐकायचं. सांध्याची लोखंडी पट्टी सैल असेल तर प्रत्येक आसागणिक खडाक् खडाक् आवाज येतो. पट्टीखालचं काँक्रीट फुटलेलं असतं, फटीत माती आणि डांबर घट्ट भरलेलं असतं. उन्हाने लांब होणाऱ्या गर्डरला जायला जागाच राहिलेली नसते. त्यानंतर खाली उतरून बेअरिंग, म्हणजे गर्डर आणि खांब यांच्यामधले आधार, बघायचे. रबराचा थर एका बाजूने फुगला आहे का, चिरला आहे का, जागेवरून सरकला आहे का? जुन्या पुलांवरचे लोखंडी रोलर बेअरिंग तर धूळ, गंज आणि कबुतरांच्या घाणीत असे रुतलेले मी पाहिले आहेत की रोलर कुठला आणि पाया कुठला हे खरवडल्याशिवाय कळेना. असं बेअरिंग जखडलं की गर्डरची हालचाल अडते आणि ताण जिथे जायला नको तिथे, खांबाच्या माथ्यावर जातो. तिथेच तडे सापडतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वजनाच्या मानाने पूल जास्त हलवतो तो भरधाव रिकामा ट्रक. उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या हळूहळू जातात, त्यांचा भार मोठा असतो पण धक्का कमी. वजन वाढत जातं तसं त्यावरचं धक्क्याचं प्रमाण घटतं, हे मोजणीत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पुलाची झीज मात्र त्या लादलेल्या गाड्याच करतात. पोलादी पुलाच्या वेल्डिंगच्या सांध्यावरचा ताण दुप्पट झाला की झीज आठपट होते. घाबरवणारी गाडी एक आणि नुकसान करणारी दुसरी, असं हे आहे. क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरण्याविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आले ते यासाठी.

पुलाचा आराखडा करताना हा धक्का आधीच धरलेला असतो. रस्ते-पुलांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे काँक्रीटच्या पुलाला क्लास ए गाड्यांसाठी (हिशेबासाठी ठरवलेल्या एका प्रकारच्या प्रमाण गाड्या) साडेचारला 'लांबी अधिक सहा'ने भागायचं. नऊ मीटरच्या लहान पुलाला तीस टक्के जास्तीचा भार येतो, तीस मीटरला साडेबारा टक्के. धक्का खाली खांबाकडे जाता जाता विरतो. बेअरिंगखालच्या ठोकळ्यापासून तीन मीटर खाली गेलं की तो हिशेबात धरतच नाहीत.

तुम्ही रोज जाता, म्हणून तुमच्यावर एक काम सोपवते. पूल किती हलतो याकडे लक्ष देऊ नका. कालच्यापेक्षा आज वेगळा हलतो का, ते बघा. एखादाच गाळा बाकीच्यांपेक्षा जास्त डोलायला लागला, कठड्याची सरळ रेघ एका ठिकाणी मोडलेली दिसली, सांध्यावर दोन स्लॅबमध्ये उंचीचा फरक पडला किंवा ट्रक गेल्यावर कंप बराच वेळ जिरेनासा झाला, तर बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात लेखी द्या. दोन फोटो आणि कितव्या गाळ्याजवळ ते. पहिला गाळा कुठल्या गावाकडून मोजला तेही लिहा. हे लिहिलेलं नसलं की माणूस जातो, एक फेरी मारतो आणि काही दिसलं नाही म्हणून परत येतो.

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आगगाडीच्या डब्यांच्या समान अंतरामुळे पुलात अनुनाद होतो असं वर्गात शिकवलं. मग आपल्या मार्गावर गाड्यांचा वेग वाढवला तर पुलांना धोका होईल का? कोणत्या वेगाला? — एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे आणि तुझ्यासाठी आकडेमोड करायला मला मजा आली. अनुनाद म्हणजे काय ते इतर वाचकांसाठी आधी सांगते. विहिरीवरून भरलेली बादली घेऊन चालताना एका ठरावीक चालीला पाणी हिंदकळून काठाबाहेर जातं आणि चाल जरा बदलली की शांत होतं. पावलांचा ठेका आणि पाण्याचा स्वतःचा ठेका जुळला की हे होतं.

गाडीचा ठेका काढायला तिचा वेग एका डब्याच्या लांबीने भागायचा. एलएचबीचा, म्हणजे नव्या पद्धतीचा प्रवासी डबा सुमारे चोवीस मीटर. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर. भागाकार आला सव्वा. म्हणजे पुलावर सेकंदाला सव्वा वेळा एकसारखा ठोका पडतो. आता उलट करू. तीस मीटरच्या गाळ्याची चाल सेकंदाला चार असेल तर दर हेलकाव्याला एक ठोका पडण्यासाठी गाडी सेकंदाला शहाण्णव मीटर धावायला हवी, म्हणजे ताशी सुमारे ३४५ किलोमीटर. आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही. कोळसा वाहणाऱ्या बॉक्सएन वाघिणीची लांबी १०.७ मीटर आहे. तिच्यासाठी हा वेग ताशी १५४ येतो आणि भरलेली मालगाडी त्याच्या निम्म्याच्या आसपास धावते. निम्म्या वेगाला एका आड एका हेलकाव्याला ठोका मिळतो. ती गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही, पण परिणाम बराच कमी असतो. शिवाय लांब गाळ्यावर एका वेळी दोन-तीन वाघिणी असतात आणि एकीचा धक्का दुसरी काही प्रमाणात खोडते.

तू विचारलंस ते संकट अतिवेगवान गाड्यांनी खरोखर पाहिलं आहे. फ्रान्समध्ये पॅरिस–लियों मार्गावर १९८१ मध्ये टीजीव्ही सुरू झाली. तिथल्या काही आखूड पुलांवर अनुनाद झाला. पूल पडला नाही, पण रुळाखालची खडी सैल होऊ लागली. खडीचे दगड एकमेकांत रुतून रूळ धरून ठेवतात. त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पटीच्या आसपास गेलं की ती पकड सुटते. म्हणून युरोपच्या नियमांत खडीच्या पुलावर त्वरणाची मर्यादा त्याच्या निम्मी, दर सेकंदाला दर सेकंद ३.५ मीटर ठेवली आहे. मुंबई–अहमदाबाद मार्गावर गाड्या ताशी ३२० ने धावायच्या आहेत. तिथे चाळीस मीटरचे अखंड पेटी-गर्डर (पोकळ पेटीसारखे गर्डर) बसवताहेत आणि रूळ खडीऐवजी काँक्रीटच्या लाद्यांवर आहेत.

याची सुरुवात मात्र एका अपघातातून झाली. २४ मे १८४७ ला इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा रॉबर्ट स्टीफन्सन यांचा बिडाचा पूल गाडीखाली मोडला. पाच माणसं गेली. त्यानंतर नेमलेल्या आयोगासाठी रॉबर्ट विलिस यांनी पोर्ट्समथच्या गोदीत बिडाच्या पट्ट्यांवरून वजनाची गाडी वेगवेगळ्या वेगाने सोडून लवणं मोजलं. तेच वजन वेगाने गेलं की पट्टी जास्त लवते हे त्यात दिसलं आणि त्याचं गणित जॉर्ज स्टोक्स यांनी १८४९ मध्ये मांडलं. 'धावता भार' या विषयाचं हे पहिलं गणित. त्याआधी वेगाने गेलं तर पुलाला लवायला वेळच मिळत नाही, असं मानणारे अभियंतेही होते.

माझ्या मनाला जवळचा भाग वाफेच्या इंजिनांचा आहे. माझं लहानपण पूर्णा जंक्शनच्या रेल्वे वसाहतीत गेलं. वडील फायरमन होते, नंतर ड्रायव्हर झाले. मनमाडपासून पुढे आमच्याकडचा मार्ग तेव्हा मीटरगेज होता, तो नव्वदच्या दशकात रुंद झाला. वाफेच्या इंजिनात दट्ट्याचे दांडे मोठ्या चाकांना जोडलेले. दांड्याचा पुढे-मागे होणारा झटका आवरण्यासाठी चाकात जास्तीचं शिसं-लोखंड भरलेलं असायचं. आडवा झटका आवरायचा, पण तेच वजन खाली आलं की रुळावर हातोडा मारायचं आणि वर गेलं की चाक हलकं व्हायचं. प्रत्येक फेऱ्याला एक हातोडा. मीटरगेजवरच्या वायपी जातीच्या इंजिनाचं मोठं चाक १३७२ मिलिमीटर व्यासाचं. एका फेऱ्यात ते ४.३ मीटर जातं. ताशी साठला सेकंदाला जवळजवळ चार फेरे. गाळ्याची चाल वर चारच काढली होती ना आपण? म्हणजे डिझेल येण्याआधी आपल्या पुलांवर अनुनाद हा रोजचा विषय होता. चार्ल्स इंग्लिस या केंब्रिजच्या प्राध्यापकांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत यावर जे काम केलं त्यातली एक गोष्ट फार सुंदर आहे. इंजिन स्वतः इतकं जड असतं की ते गाळ्यावर पुढे सरकेल तशी गाळ्याची चालच बदलते. त्यामुळे ठेका जुळतो तो थोडाच वेळ आणि हेलकावे वाढायला सवड मिळत नाही.

डिझेल आणि विजेच्या इंजिनात दांडे नाहीत, हातोडाही गेला. राहिले ते रुळाचे सांधे, चाकांचे सपाट झालेले भाग आणि पुलाच्या दोन्ही टोकांना खडी बसल्यामुळे होणारा खड्डा. रेल्वेचा नियमही जवळपास रस्त्यासारखाच आहे. आठला 'लांबी अधिक सहा'ने भागायचं आणि त्यात ०.१५ मिळवायचे. तीस मीटरला सदतीस टक्के, बारा मीटरला एकोणसाठ, तीन मीटरच्या मोरीला पूर्ण शंभर टक्के, त्यापुढे जात नाहीत. रस्त्याच्या साडेबाराशी तुलना करून बघ आणि रेल्वेचा पूल एवढा दणकट का असतो ते कळेल.

एक पुरवणी. पुलावर गाडी हळू झाली की लोक म्हणतात अनुनाद टाळायला हळू केली. तसं नसतं. वेगमर्यादा सहसा गर्डरचं वय, बेअरिंग, खांबाची स्थिती किंवा चालू असलेलं काम बघून घातलेली असते.

प्रश्न : मॅडम, आमच्या गावचा दगडी कमानीचा पूल पन्नास ट्रॅक्टर गेले तरी हलत नाही. शेजारचा नवा पूल मोटारसायकलनं बी हलतो. मग जुनंच मजबूत नाही का? — एक शेतकरी, औसा

उत्तर : दादा, जुना पूल हलत नाही कारण तो फार जड आणि आखूड कमानींचा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या बारापुल्ला दरवाजाशी खाम नदीवर जुने कमानी पूल आहेत, त्यांच्यावर उभं राहून बघा. दगड, चुना आणि आत भरलेला मुरूम हेलकावा गिळून टाकतात. नवा पूल हलका आणि लांब गाळ्याचा आहे, तो हलणारच. मजबुतीचा निवाडा मात्र यावर करू नका. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल गाड्यांनी कधी डोलला असेल असं मला वाटत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस गेल्या. तुमच्या पुलाची काळजी असेल तर उन्हाळ्यात पाणी आटल्यावर खाली जा आणि खांबांच्या पायथ्याशी माती धुपून पाया उघडा पडला आहे का ते बघा. झाडं उगवली असतील तर मुळं दगड फोडतात. पुलाखालची वाळू उपसली जात असेल तर आधी ते थांबवा. मी पाहिलेल्या दुखण्यांत ते सर्वांत वाईट.

प्रश्न : ताई, आमची दिंडी दरवर्षी पंढरपूरला जाते. पुलावर टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळू नये, सैनिकांमुळे पूल पडला होता, असं एका तरुणाने सांगितलं. खरं आहे का? — एक वारकरी, वसमत

उत्तर : माउली, सैनिकांची गोष्ट खरी आहे. इंग्लंडमध्ये ब्रॉटन इथे १२ एप्रिल १८३१ ला सैनिक एका तालात चालताना झुलता पूल तुटला. तेव्हापासून सैन्याला पुलावर पाऊल मोडून चालायचा हुकूम आहे. फ्रान्समधल्या आँजे इथे १६ एप्रिल १८५० ला झुलता पूल पडला आणि दोनशेहून जास्त सैनिक गेले. तिथे पाऊल मोडायचा हुकूम दिलेला होता, पण वाऱ्याने पूल डोलत होता आणि तोल सांभाळताना माणसं आपोआप एका तालात आली. त्यात पूल पेलणाऱ्या तारांचे जमिनीत गाडलेले भाग गंजलेले होते.

लंडनमध्ये १० जून २००० ला नवा पादचारी पूल उघडला तेव्हाही असंच झालं. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, पण डावं-उजवं मिळून आडवा झोका सेकंदाला एकच. पुलाचा आडवा हेलकावाही एकच्या आसपास होता. पूल किंचित सरकला तशी माणसं पाय फाकवून त्याच्याच तालात चालू लागली आणि झोका वाढत गेला. दोन दिवसांत पूल बंद केला, कंप जिरवणारी यंत्रं बसवली आणि २००२ मध्ये पुन्हा उघडला. (अमेरिकेतला टॅकोमाचा पूल मात्र या यादीत घालू नका, लोक नेहमी घालतात. तो ७ नोव्हेंबर १९४० ला वाऱ्याने पडला. त्यात चालणाऱ्या पायांचा संबंध नव्हता आणि साध्या अनुनादाचाही नव्हता. वारा आणि पुलाचा पीळ एकमेकांना वाढवत गेले.)

हे सगळे हलके किंवा झुलते पूल. तुमच्या वाटेवरचा गोदावरीचा काँक्रीटचा रस्तापूल शेकडो टनांचा आहे आणि त्याची चाल पावलांच्या दुप्पट वेगाची. तिथे पावली बिनघोर खेळा. ओढ्यावरचे तारेवर टांगलेले किंवा बारीक लोखंडी पादचारी पूल असतील तिथे मात्र टाळ थांबवून, अंतर ठेवून, थोडे थोडे जण पलीकडे जा. एकाच वेळी सगळी दिंडी त्यावर उभी राहू नये. तिथे धोका तालापेक्षा गर्दीच्या वजनाचा आणि गंजलेल्या खिळ्यांचा जास्त.

प्रश्न : मी दहावीत आहे. माझ्या बाबांच्या मोबाइलवर कंप मोजणारं अ‍ॅप आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या गावाजवळचा पूल मोजता येईल का? — एक विद्यार्थिनी, जिंतूर

उत्तर : नक्की येईल आणि मला फार आनंद झाला. आधी अट. बाबांना बरोबर ने, पदपथ असलेला पूल निवड, रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, रेल्वेच्या पुलाकडे फिरकायचंही नाही.

गाळ्याच्या मध्यावर जा. दोन सांध्यांमधलं अंतर पावलांनी मोज आणि त्याचा मध्य खडूने खूण कर. खांबाच्या डोक्यावर मोजलंस तर काहीच मिळणार नाही, कारण तिथे गर्डर टेकलेला असतो. फोन हातात धरू नकोस, हाताचा थरथराट मिसळतो. पदपथाच्या काँक्रीटवर पाठीवर सपाट ठेव, खाली वाळूचे कण नकोत, कव्हर काढून टाक. उभ्या दिशेचा आलेख निवड आणि नोंद सुरू करून एखादा जड ट्रक येण्याची वाट बघ.

ट्रक गाळ्यावर असतानाची रेघ वेडीवाकडी येईल. ती सोडून दे, त्यात ट्रकचे स्वतःचे धक्के मिसळलेले असतात. ट्रक पलीकडे गेल्यावर जी रेघ हळूहळू लहान होत जाते ती तुझी. पाच सेकंदांत किती शिखरं आली ते मोज, पाचाने भाग. वीस शिखरं आली तर चाल चार. मग शिखराची उंची निम्मी व्हायला किती हेलकावे लागले तेही मोज. काँक्रीटच्या पुलात पाच-सहा ते दहा-अकरा हेलकाव्यांत ती निम्मी होते. प्रदर्शनात परीक्षक हेच विचारतील, म्हणून वहीत दोन्ही लिहून ठेव.

गणित आवडत असेल तर एक सोपं नातं देते. पुलाची चाल माहीत असली की १७.७५ ला त्या आकड्याने भाग आणि आलेल्या उत्तराचा वर्ग कर. दोन टोकांवर टेकलेला साधा गर्डर स्वतःच्या वजनाने मध्यावर किती मिलिमीटर लवतो त्याचा हा हिशेब आहे. चाल चार असेल तर जवळजवळ वीस येतात. एवढा मोठा गर्डर, कुणी वजन न ठेवता, नुसत्या ट्रकच्या मागे उरलेल्या थरथरीवरून त्याचं लवणं कळतं. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

एकाच ट्रकवर विसंबू नकोस. दहा-बारा नोंदी घे, सकाळी आणि भर दुपारी वेगवेगळ्या. शेजारच्या गाळ्यावरही तेवढ्याच घे. दोन गाळ्यांची लांबी सारखी असेल तर चालही सारखी यायला हवी. नोंदी मला पाठवताना गाळ्याची लांबी, फोन कुठे ठेवला होता त्याचं चित्र आणि पुलाच्या तोंडाशी पायरी आहे का, एवढं लिही. फोन ठेवलेल्या जागेचा फोटोही जोड.